सहावी पेटी

लेस्टर, ३ मार्च १९९७

प्रिय लते,

तुझ्या भाच्यानं, ललितनं, पाठवलेल्या सहाही पेट्या परवा दुकानात आल्या. फुटलंतुटलं काही नाही, एकाही भांड्याला पोचा नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील आणि एवढं तरी तुझ्या वाचनात यावं.

भांडी हिरवी पडली आहेत. नुसती काळवंडली असती तर मी तोंड उघडलं नसतं; तांबं आहे, काळवंडणारच. पण कळश्यांच्या काठाखाली शेवाळासारखा ओला, चिकट थर आहे. प्लॅस्टिकची पिशवी कापली की आतून आंबूस वास येतो. घंगाळांच्या पोटावर हिरवे ओघळ, आणि ओघळांमध्ये बोटांचे ठसे इतके स्पष्ट की पोलिसांना बोलवावं. घासून काढा म्हणशील, तर घासली. खाली तांब्याला खड्डे पडले आहेत.

दीपमाला हे दुकान सहा वर्षं चालवते. माझी सून आहे म्हणून सांगत नाही, पण ती लवकर खचणारी नाही. तिनं एकेक भांडं काढून फरशीवर मांडलं आणि मग तिथंच भिंतीला पाठ लावून बसून राहिली. ऑगस्टमध्ये इथे मेळा असतो, त्यात तिनं या भांड्यांच्या भरवशावर जागा घेतली आहे. मला ती बोलली असती तर बरं झालं असतं. ललितचं नाव तिला मी सुचवलं होतं, आणि मला तू. ‘मी स्वतः उभी राहून बांधून घेते, तू निर्धास्त राहा’ हे तुझंच वाक्य, पत्र माझ्यासमोर आहे.

टपाल कचेरीत परदेशी पार्सलांच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या बाईनं ते लिहिलं, म्हणून मी निर्धास्त राहिले. कापडावरचा एक टाका सैल दिसला तरी तू लोकांची पार्सलं परत करायचीस. आता हे मी कुठल्या खिडकीवर परत करू?

एकच गोष्ट कळत नाही. पाच पेट्या वाया गेल्या, पण सहाव्या पेटीतली दहाही भांडी चांगली आहेत. चकाकत नाहीत, पण कोरडी आणि स्वच्छ आहेत. असं कसं?

तुझी,
सविता


नाशिक, १५ मार्च १९९७

प्रिय सविता,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा जास्त राग आला.

पोलिसांना बोलवायचंच असेल तर तुमच्या बंदरात बोलव. इथून निघाली तेव्हा त्या भांड्यांत बघून कुंकू लावता आलं असतं. सहाही पेट्या माझ्यासमोर बांधल्या. जानेवारीच्या तेवीस तारखेला सकाळी आठपासून मी सातपूरच्या ललितच्या शेडमध्ये उभी होते, या गुडघ्यांनी. चिमाजी तांबटांकडून माल आला तो भट्टीतून काढल्यासारखा, धुरकट, डागाळलेला. म्हटलं, हे असं साता समुद्रापलीकडे जाणार? आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी न घासता परत देत नाही. मी चिंच कोळायला लावली. चिंच-मिठानं एकेक भांडं घासून घेतलं, धुतलं, पुसलं, आणि लखलखीत असतानाच कागदात गुंडाळलं. वरून जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड चिकटपट्टीनं बंद, की समुद्राच्या हवेला आत शिरायला फट नको. मग पुठ्ठ्याचं खोकं, मोकळ्या जागेत कागदाचे गोळे, आणि बाहेरून लाकडी पेटी. यात काय राहिलं ते तू सांग.

आणि बांधणारी कोण, तर नवसाबाई. पेठकडची आहे. भात निघालं की दिवाळीनंतर नाशकात कामाला येते, पावसाआधी परत जाते. खोकं बांधून झालं की ती ते कानाशी धरून हलवते; आत जरा खुट्ट झालं की सगळं सोडून पुन्हा भरते. एकतीस वर्षांत मी असे हात पाहिले नाहीत. एक पोचा नाही असं तूच लिहितेस, तो तिचा गुण. तो एका ओळीत उरकलास आणि तक्रारीला पान भरलंस.

सहावी पेटी चांगली आणि पाच वाईट, यात न कळण्यासारखं काय आहे? पाच तुमच्या गोदीत पावसात पडल्या असणार आणि सहावीला छप्पर मिळालं असणार. त्या देशात पाऊस कधी थांबतो का? दीपमालेला सांग, गोदीवाल्यांकडे लेखी तक्रार कर. इंग्रजांना लेखी तक्रारीशिवाय समजत नाही, हे आपल्याला त्यांच्याच नन्सनी शिकवलं.

आणि तुमच्या ज्या गिऱ्हाइकांना घंगाळात आंघोळीचं पाणी नाही, झाडं लावायची आहेत, त्यांनी हिरव्या रंगाबद्दल इतकं बोलू नये.

तुझी,
लता


लेस्टर, २७ मार्च १९९७

प्रिय लते,

झाडांचा टोमणा दीपमालेला वाचून दाखवला. तीन आठवड्यांनी हसली.

आता माझं ऐक. पेट्यांची लाकडं कोरडी आहेत. पुठ्ठ्याला पाण्याचा एक डाग नाही. वरचं पाणी आत जायचं तर आधी पुठ्ठा भिजेल, मग पिशवी. इथे पुठ्ठा कोरडा आणि पिशवीच्या आत थेंब. म्हणजे पाणी इथलं नाही. नाशकाहून पिशवीत बसून आलं.

सहावी पेटी मी पुन्हा पाहिली. तिच्यात प्लॅस्टिक नाहीच. जाड खाकी कागद, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटाला सुतळीचे टाके. काठ दुमडून घातलेले टाके, आपल्या शिवणाच्या सिस्टर आग्नेस बघून मान हलवतील असे. सहाही तुझ्यासमोर बांधल्या म्हणतेस. मग ही वेगळी का?

आणखी एक. दीपमालेनं ललितला फॅक्स केला होता, त्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते: ‘बांधणी करणाऱ्या मजूर बाईच्या हलगर्जीपणामुळे व ओल्या हातांमुळे सदर नुकसान झाले असून तिला कामावरून कमी करण्यात आले आहे. नवीन माल आमच्या खर्चाने पाठवीत आहोत.’

दीपमालेचं समाधान झालं. माझं नाही. ज्या हातांचं तू पानभर कौतुक केलंस, ते इतक्यात ओले कसे झाले? का ललितकडे बांधणारी दुसरी कुणी आहे?

तुझी,
सविता


नाशिक, ८ एप्रिल १९९७

सविता,

दुसरी कुणी नाही. नवसाबाईच.

तुझं पत्र हातात घेऊन मी तडक सातपूरला गेले. हा मुलगा मी वाढवला आहे. त्याला सही करायला मी शिकवलं, आणि त्या सहीनं तो असं पत्र लिहितो, आणि मला ते लेस्टरहून कळतं. विचारलं तर म्हणतो, “आत्या, धंद्यात कुणाचं तरी नाव सांगावं लागतं.” विचारलं, खरं नाव का नाही सांगावं लागत? तर फोन वाजला. फोन वाजला नव्हता, त्यानं उचलला.

शेडमध्ये तानुबाई होती. नवसाबाईच्या शेजारी बसून बांधते. तिनं सांगितलं. मार्चच्या दहा तारखेला ललितनं सात बायकांसमोर नवसाबाईला उभं केलं. म्हणाला, हिनं माल नासवला, सहावी पेटी तर न घासता घाणेरडीच भरून पाठवली, सांगितलेलं ऐकत नाही, अशी बाई मला नको. तिनं डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. सांगताना तानुबाई माझ्याकडे बघत नव्हती.

आता तूच सांग. सहावी पेटी घाण भरली म्हणून तिला काढलं, आणि चांगली निघाली तीच. हे मी ललितला विचारलं. पुन्हा फोन उचलला.

दिवाळी ते पाऊस, एवढ्या महिन्यांच्या मजुरीवर तिचं घर पुढचं पीक येईपर्यंत चालतं. आणि आता ती नाशकात कुठे काम मागेल तिथे हे तिच्या आधी पोचलेलं असेल. या धंद्यातली माणसं एकाच टपरीवर चहा पितात. मी शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं पेठला जाते आहे. तिच्या तोंडून ऐकते, मग या पोराचा फोन मी कसा वाजवते ते बघ.

तुझी,
लता


नाशिक, १४ एप्रिल १९९७

प्रिय सविता,

पेठला जाऊन आले. नवसाबाई बरी आहे. सध्या त्यांचे राब भाजायचे दिवस आहेत, त्यामुळे तिला घरीच पुष्कळ काम आहे.

ललित नवीन माल पाठवतो आहे. तो दीपमालेनं घ्यावा हे बरं. झालं ते झालं.

इकडे ऊन फार आहे.

तुझी,
लता


लेस्टर, २४ एप्रिल १९९७

लते,

‘झालं ते झालं.’ आठवीपासून तुला ओळखते. हे तीन शब्द तुझ्या हातून उतरलेले मी कधी पाहिले नाहीत. दुसऱ्याचं चुकलं की तू चार पानं लिहितेस आणि समासात आडवंही लिहितेस. या वेळी कागदाचा पाऊण भाग कोरा, आणि त्यात उन्हाची बातमी.

शिवणाच्या तासाला आठवतं? टीप वाकडी गेली की बाकीच्या रडायच्या. तू कापड मांडीखाली घेऊन बसायचीस, आणि सिस्टरनी विचारलं की ‘आणलंच नाही’ म्हणून सांगायचीस. तास संपेपर्यंत त्यावर बसून राहायचीस.

ऊठ.

दीपमालेला मी सांगितलं आहे की लताचं खरं पत्र येईपर्यंत नवीन मालाला हो म्हणू नकोस. ती मला वेडी समजते. ललितचे फॅक्स रोज येताहेत. तेव्हा फार दिवस बसू नकोस.

सविता


नाशिक, ४ मे १९९७

सविता,

तू दुष्ट आहेस आणि म्हातारपणी जास्तच झाली आहेस. उठले. घे.

पेठच्या पुढे एका पाड्यावर तिचं घर आहे. मी पोचले तेव्हा ती उतारावर राब भाजत होती. भाताचं रोप टाकायची जागा पालापाचोळा पेटवून भाजून घेतात. तोंड राखेनं काळं झालं होतं. मला बघून तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि परत काठीनं आग सारखी करायला लागली. मी तावातावानं म्हटलं, तुला ललितनं खोटंनाटं लावून काढलं, तू गप्प का बसलीस? तिनं काठी थांबवली नाही. म्हणाली, “बाई, मी तुमाला सांगलं व्हतं.”

काय सांगितलं होतं?

“काठाच्या वळणात पानी राह्यतं. चिंचेचं पानी हाय, तांबं खाईल. दोन दिवस उन्हात पालथी घाला, मंग बांधा.”

तिनं सांगितलं होतं, सविता. तेवीस तारखेला दुपारी, टेम्पो दारात उभा असताना. कळशीचा काठ तारेवर वळवलेला असतो, त्या वळणात पाणी शिरतं ते फडक्यानं निघत नाही. हे तांबटाला माहीत असतं, आणि रोज चार भांडी घासणाऱ्या बाईला माहीत असतं. मीही तेच करत आले आहे. घरी घासलेलं भांडं मी पालथं घालते की नाही? पण त्या दिवशी मला चकाकी दिसत होती, आणि घड्याळ. मी काय उत्तर दिलं तेही आठवलं. तिला आठवण करून द्यावी लागली नाही. मी म्हटलं होतं, “तू बांधायचं बघ. घासायचं मला शिकवू नकोस.” सात बायकांसमोर.

मग तिच्याच हातांनी मी ती आंबट, ओली भांडी पिशव्यांत कोंडली, आणि तोंडाला चिकटपट्टी लावून घेतली. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. आतलं बाहेर कसं जाणार, हे मी विचारलं नाही. ओल्या बोटांचे ठसे? त्या आठही जणींचे आहेत. माझेही.

सहाव्या पेटीबद्दल मी तुला खोटं लिहिलं. पाचच माझ्यासमोर बांधल्या. सहा वाजता गुडघे बोलायला लागले म्हणून मी निघाले. निघताना ती म्हणाली, चिंच सरली. मी म्हटलं, शेजारून मागून आण, पण ही दहाही घासूनच भर. आता पेठला ऐकलं ते असं: “सरली नव्हती, बाई. डब्यामागं ठिवली.” दहा भांडी तिनं कोरड्या फडक्यानं पुसली, चुलीच्या उबेला धरली, कागद आणि गोणपाट घालून शिवली. पिशवीत का नाही घातलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तांबं गुदमरतं. पन्नास माझ्या हुकमावर सोडली आणि दहा माझ्याशी खोटं बोलून वाचवली.

आणि ललितला हे सगळं ठाऊक होतं. दीपमालेचा फॅक्स आला त्याच दिवशी चिमाजींनी त्याला सांगितलं की हे चिंचेचं काम आहे. चिंच कुणी लावली ते शेडमध्ये कुणाला ठाऊक नाही? परत आल्यावर मी त्याला धरलं तेव्हा फोनजवळ जाऊ दिलं नाही. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, “आत्या, तुझं नाव कसं सांगणार होतो मी त्या लोकांना?” त्याला वाटतं त्यानं माझ्यासाठी काही केलं. माझी अब्रू झाकायला त्यानं दुसरीच्या पोटावर पाय दिला, आणि वर मी त्याला आशीर्वाद द्यावा असा चेहरा करून उभा राहिला. मी त्याला काय काय बोलले ते एरोग्रामवर मावणार नाही, आणि मावलं तरी टपाल खात्याच्या कागदावर ते लिहू नये.

पण त्याच्यावर ओरडणं सोपं आहे. खरी गोष्ट अजून राहिली आहे.

पाड्यावर मी नवसाबाईला म्हटलं, परत चल, मी ललितला सांगते, तो घेईल कामावर. ती म्हणाली, “मला गुपचूप नका घेऊ. ज्या बायांपुढं काढलं, त्यांच्यापुढं सांगा कुनाचं चुकलं. मंग बघीन.” मी काय केलं? बसची वेळ झाली म्हणाले आणि उठले. बसला अर्धा तास होता. रस्त्यावर उन्हात उभी राहिले, तिला वरून दिसत असणार. घरी आले आणि तुला उन्हाची बातमी लिहिली. वीस दिवस झाले.

मी एकतीस वर्षांत कुणाला ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नाही. म्हणायची वेळ आली नाही असं मला वाटायचं. आता वाटतं, समोरच्यांनी रांग सोडायला नको म्हणून ऐकून घेतलं असेल.

हे दीपमालेला वाचून दाखव, गाळू नकोस. ललितनं नवीन माल काढला आहे. घासून, त्याच पिशव्यांत, रोजंदारीवर आणलेल्या दोघांकडून. तो तिनं घेऊ नये.

लता


लेस्टर, १३ मे १९९७

लते,

वाचून दाखवलं, गाळलं नाही. दीपमाला तशीच उठून दुकानात गेली आणि ललितला फॅक्स केला: माल सहाव्या पेटीसारखा बांधलेला हवा, आणि सहावी पेटी जिनं बांधली तिनंच बांधलेला हवा. नाहीतर नको, मेळ्यातली जागा मी सोडून देते.

म्हणजे ललितला आता नवसाबाई हवीच आहे. तो जीप घेऊन जाईल, गोड बोलेल, आणि तू पुन्हा मांडीखाली घेऊन बसशील, असं होऊ देऊ नकोस.

मला एरोग्राम भरून लिहिलंस, ठीक आहे. पण मी त्या सात जणींत नव्हते. मला लिहून भागणार नाही.

सविता


नाशिक, ५ जून १९९७

प्रिय सविता,

तू म्हटलंस तसंच झालं. फॅक्स आल्याबरोबर ललितनं पेठला जीप पाठवली. ड्रायव्हर रिकामा परत आला. म्हणाला, बाई म्हणते, अजून मला कुणी काय सांगितलं नाय.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं गेले. तिला म्हटलं, चल, तुझ्यापुढे आणि त्यांच्यापुढे सांगते. तिनं सुनेला दोन गोष्टी बजावल्या आणि निघाली. दोन तासांच्या रस्त्यात आम्ही एक शब्द बोललो नाही. मला ते फार कठीण गेलं, तिला काही गेलं असं वाटलं नाही.

शेडमध्ये बायका जेवणाचे डबे धुऊन येत होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, “तेवीस जानेवारीला चिंच मी लावायला सांगितली. नवसाबाई नको म्हणाली होती. मी तिचं ऐकलं नाही. माल माझ्यामुळे नासला आणि काढलं तिला.” मी याच्यापुढे चारपाच वाक्यं तयार केली होती, नन्सनी शिकवलेल्या पद्धतीची. ती कुठे गेली कोण जाणे.

मग तानुबाई म्हणाली, “आमाला म्हाईतच व्हतं, बाई.”

मला इतका राग आला. म्हटलं, माहीत होतं तर एकीनं तरी तोंड उघडायचं.

“तुमी इचारलं कुठं?”

हे तिनं भांडून म्हटलं नाही. डब्याचं झाकण लावता लावता म्हटलं. मी रागावले होते ती तशीच उभी राहिले, आणि राग ठेवायला जागा सापडेना.

नवसाबाई अजून दारातच होती. ललित म्हणाला, चला, कामाला लागू. ती हलली नाही. बायकाही हलल्या नाहीत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पत्र्याकडे पाहिलं. तेव्हा तो पुटपुटला की त्याचंही चुकलं. ती म्हणाली, तिकडं मागं ऐकू नाय आलं. त्याला दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं. मग ती आत येऊन बसली.

बारा दिवस काम चाललं. ललितनं भरून ठेवलेला माल तिनं सगळा सोडायला लावला. साठ भांडी साध्या पाण्यातून तीनदा काढून अंगणात पालथी घातली. दोन दिवस त्यांना कुणी हात लावायचा नाही. पुसायला नवं मांजरपाट, हातांत त्याच कापडाचे शिवलेले मोजे. बांधायच्या आधी प्रत्येक काठाच्या वळणातून समईची वात फिरवायची. वात जराही ओलसर आली की भांडं परत उन्हात. वातीचं काम तिनं मला दिलं. सांगितलं असं नाही, वातींचा जुडगा माझ्यासमोर ठेवला. मी चांगली म्हणून पुढे केलेली चार घंगाळं तिनं परत पाठवली. चारही वेळा मला वाटलं ती उगाच करते आहे, आणि चारही वेळा तिची वात ओली निघाली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी वात फिरवत राहिले.

खाकी कागद, गोणपाट, सुतळीचे टाके. पेंढा नाही, तो तिला फार आवडतो, पण तुमच्या बंदरात गवत दिसलं तर पेटी जाळतात हे तिला सांगितल्यावर तिनं तो पुन्हा मागितला नाही. तिचं ऐकून घेतलं की ती ऐकून घेते. प्लॅस्टिक एकदाच, लाकडी पेटीच्या आतून अस्तरासारखं, आणि त्याचं तोंड मोकळं.

परवा पेट्या निघाल्या. त्याच दुपारी तिनं पिशवी खांद्याला लावली. पेरणी तोंडावर आली आहे. ललितनं तिला बारमाही काम देतो म्हटलं, शेडची मुकादम करतो म्हटलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “दिवाळीनंतर बघू.”

त्याला झोंबलं. खरं सांगते, मलाही झोंबलं. ती हो म्हणेल आणि मला बरं वाटेल असं मी धरून चालले होते. स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा पुन्हा विचारलं, येशील ना? म्हणाली, “सांगलं ना, बघू.” बस सुटली. मी तिथं रागानं उभी राहिले, आणि मग ध्यानात आलं की तिनं हो म्हणावं अशी घाई फक्त मला आहे. तिला नाही, आणि का असावी?

पेट्या जुलैच्या मध्यावर पोचतील. उघडल्या की आधी काठाखाली बोट घाल. जे असेल ते लिही, चांगलं असो की वाईट, आणि चांगलं असेल तर एका ओळीत उरकू नकोस. पण मला लिहू नकोस, आणि ललितला तर नकोच. दीपमालेला सही करायला लाव. पाड्यावर शाळेचे मास्तर आहेत, ते वाचून दाखवतात. अक्षर मोठं काढ. पत्ता असा:

नवसाबाई मंगळू भोये,
मु. आंबेपाडा, ता. पेठ, जि. नाशिक.

लता